भांडलेल्या माणसाचं पत्र

११ जानेवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडायला घेतलं असशील तर जरा थांब. मी परत येऊ का म्हणून विचारत नाहीये. काही मागायला लिहितोय हे खरं, पण जे मागतोय ते द्यायला तुला जड जाणार नाही. मला तुझ्याकडून शिव्या पाहिजेत. लेखी. एक पान पुरे, दोन झाली तर फारच छान.

फोनवरच मागितल्या असत्या, पण तू फोन उचलत नाहीस. वहिनी उचलते आणि ‘ते आंघोळीला गेलेत’ म्हणते. दहा महिने माणूस आंघोळच करतोय. आता तरी स्वच्छ झाला असशील, तर अंग पुसून हे वाच.

मी राहतो ती जागा म्हणजे काचेचा बंद पडलेला कारखाना. कारखाना बुडाला, कामगार गेले आणि त्यांच्या चौदा खोल्या दोन रांगांत तशाच उभ्या राहिल्या. आठ वर्षांपूर्वी शहराला कंटाळलेली पाचसहा माणसं येऊन त्यात राहू लागली. आता तीसेक आहेत. स्वयंपाकघर सगळ्यांना मिळून एक, कपडे धुवायची खोली एक, अवजारांची शेड एक. दर घरात वेगळी शिडी नि वेगळी इस्त्री ठेवायची नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम, कुठलंही काम एकट्याने करायचं नाही. कांदे चिरायचे तरी दोघांनी. मला आधी हे येडेपण वाटलं. एक कांदा, दोन माणसं, चार डोळ्यांत पाणी. पण त्यात गप्पा होतात, आणि गप्पांत कांदे कधी संपतात ते कळत नाही.

तुझ्याबरोबर लिफ्टच्या दुरुस्तीला होतो म्हणून मला इथे ‘लिफ्ट’ म्हणतात. ‘लिफ्ट, जरा बिजागरी बघ’, ‘लिफ्टला बोलवा, पंप खोकतोय.’ इथली सगळ्यात उंच वस्तू पाण्याची टाकी आहे आणि तिलाही शिडीच आहे. मी एकदा म्हणालो की मला दुसरं काही नाव द्या, तर म्हणे दुसरं नाव द्यायला तू अजून पक्का कुठे झालास.

तीच तर भानगड आहे. नव्या माणसाला इथे एक वर्ष नुसतं राहू देतात. वर्ष भरलं की बैठक होते आणि ठेवायचा की नाही ते ठरतं. त्या बैठकीत एक पत्र वाचलं जातं. चांगल्या चालचलणुकीचं नाही. त्याच्याशी भांडलेल्या माणसाचं, त्याच्यात काय खोट आहे ते सांगणारं. नवा माणूस मधोमध स्टुलावर बसतो आणि सगळ्यांसमोर ते पत्र मोठ्याने वाचतात.

ही कल्पना सुतारकाकांची. इथे सगळ्यात जुने तेच, वय सत्तर, करवत अजून एका दमात ओढतात. ते सांगतात, पहिली दोन वर्षं आम्ही लोकांना त्यांचे गुण ऐकून घेतलं. सगळे गुणाचे पुतळे आले आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवरून भांडून तीन महिन्यांत गेले. ‘गुण माणूस छातीवर लावून आणतो. आम्हाला दोष आधी दाखव. फळी वाकडी आहे हे आधी कळलं तर त्या मापाने खाच करता येते.’

तर माझ्याशी भांडलेली माणसं मी आठवायला बसलो. रंगारी, गॅरेजवाला, बर्फाच्या कारखान्यातला मुकादम. तेरा नोकऱ्या, तेरा मालक. मला वाटलं, आपल्याकडे माल भरपूर आहे. पण काका म्हणाले, ‘मालक नको. मालकाचं भांडण कामाशी असतं. ज्याने तुला ताटात वाढलंय आणि तरी भांडलाय, असा माणूस सांग.’

मग एकच उरला.

बैठक मार्चच्या तिसऱ्या रविवारी आहे. आपल्यात ती जी छोटीशी गोष्ट झाली तिच्याबद्दल लिहायचं तर लिही, नाही तर सोडून दे, इतर पुष्कळ आहे. पत्र इथल्या मंडळींच्या नावाने कर. पत्ता मागे आहे.

तुझा धाकटा


२ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. सुरुवात कुठून करावी हे तुला सुचत नसेल असं समजतो. तुझ्या सोयीसाठी मी यादी काढली आहे. तू फक्त उतरवून काढ आणि खाली सही ठोक.

ओला टॉवेल गादीवर टाकतो. जेवून आलो म्हणतो आणि मग पातेल्यातलं खातो. सातवीत शाळा सोडली आणि घरी दोन महिने कळू दिलं नाही, डबा घेऊन निघायचा आणि नदीवर बसून खायचा. तुझ्या लग्नातला बूट घालून फुटबॉल खेळला. एका नोकरीत सहा महिन्यांच्या वर टिकला नाही. वहिनीने विचारलं की नोकरी का सोडलीस, तर ‘तिथला पंखा आवाज करत होता’ म्हणाला.

पुरे का? हे सगळं खरं आहे, तुला खोटं लिहावं लागणार नाही.

इतरांची पत्रं कशी होती ते ऐकलं म्हणजे तुला अंदाज येईल. इथे एक साहेब आहेत, बँकेत मॅनेजर होते, आता शेळ्या सांभाळतात. त्यांचं पत्र त्यांच्या बायकोने लिहिलं होतं, वेगळी राहते ती. लिहिलं होतं की माणूस सज्जन आहे, पण कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतो, गॅस बंद केला की पुन्हा उठून बघतो, आणि झोपलेल्या बायकोला हलवून विचारतो की झोपलीस का. मंडळी पोट धरून हसली आणि साहेबांना घेतलं. शेळ्यांना असाच माणूस लागतो. रोज तीनदा मोजतो.

पाववाली म्हणून एक आहे, पहाटे भट्टी लावते. तिचं पत्र तिच्या सख्ख्या बहिणीने पाठवलं, एकच ओळ. ‘हिचं कधीही काहीही चुकत नाही.’ ते पत्र ऐकून पाववाली म्हणाली, बरोबर आहे. तिला विरोध करायची कुणाची छाती झाली नाही.

माझी सध्या साहेबांशी जोडी आहे. साहेबांना शेळीला हाकलता येत नाही. ते तिच्यासमोर उभे राहतात आणि म्हणतात, ‘जरा बाजूला होता का?’ शेळी रवंथ करत बघत राहते. मग मी तिला तिच्या भाषेत सांगतो. साहेब म्हणतात, लिफ्ट, तुझी भाषा फार कडक आहे रे. मी म्हणालो, साहेब, ही माझ्या दादाची भाषा आहे, मी नुसता हमाल.

बाकी इथे मी खूश आहे, हे तुला आवडो न आवडो. सकाळी उठलो की आज काय मोडलं असेल याची उत्सुकता वाटते. धुलाईखोलीत कपडे पिळायचं यंत्र आहे, सहा वर्षं बंद होतं. मी आणि साहेबांनी ते नऊ दिवसांत सुरू केलं. पहिल्या दिवशी त्याने साहेबांचा सदरा ओढून घेतला आणि दुसऱ्या बाजूने वर्तमानपत्रासारखा सपाट करून दिला. अजून ते तोच सदरा घालतात, बटणांशिवाय. दहा महिने एका जागी राहिलोय, दादा. माझं मलाच नवल वाटतं.

आता ती छोटी गोष्ट. मी ग्रीसचा डबा आणतो म्हणून गेलो आणि आलो नाही, हेही हवं तर लिही. तू लिफ्टच्या डब्याच्या टपावर पाऊण तास बसून हाका मारत होतास आणि मग पंधराव्या मजल्याच्या दारातून दुखऱ्या गुडघ्याने रांगत बाहेर आलास, तेव्हा समोर भाजीची पिशवी घेऊन उभी असलेली बाई किंचाळून पळाली, हे मला वहिनीने सांगितलं. मी हसलो नाही. म्हणजे आधी हसलो, मग नाही.

त्याच सकाळी तू मला म्हणाला होतास की कंपनीच्या साहेबांशी बोललोय, एक तारखेपासून तू परमनंट. तुझा चेहरा असा फुलला होता. आणि मला समोर तीस वर्षं उभी दिसली, एकावर एक, मजल्यांसारखी, आणि मी लिफ्टच्या त्या अंधाऱ्या खोबणीत खालीवर. या कारखान्याचा पत्ता चार महिने माझ्या खिशात होता. सी बिल्डिंगमधल्या मास्तरीणबाईंनी दिला होता, त्या इकडे राहायला आल्या तेव्हा त्यांचं कपाट मीच लिफ्टमधून उतरवलं होतं. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. म्हणून विचारलं नाही.

लवकर लिही.

धाकटा


२३ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र पोहोचलं. तुझं अक्षर पाकिटावर बघून मी पिळायचं यंत्र चालू ठेवूनच धावलो. मास्तरीणबाई पत्रं सांभाळतात. बैठकीआधी त्या आणि काका वाचून घेतात, कारण एकदा कुणीतरी स्वतःच स्वतःचं पत्र लिहून पाठवलं होतं. मी म्हटलं, मीही ऐकतो. पाववाली पीठ मळत होती, तीही ऐकत होती.

बाईंनी वाचलं. ‘सदर इसम माझा धाकटा भाऊ असून तो कष्टाळू, प्रामाणिक व मनमिळाऊ आहे. त्याच्या वर्तनाबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. त्याच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ खाली सही, तारीख, कंपनीचा शिक्का.

शिक्का का मारलास, दादा?

काकांनी कागद उलटा करून मागे बघितलं. मी म्हणालो, बघा, माझा दादा मनाचा मोठा आहे, त्याने सगळं पोटात घातलं. पाववालीने हात थांबवला. ती म्हणाली, ‘हे पोटात घातलेल्या माणसाचं नाही, हात झटकलेल्या माणसाचं आहे. मला नवरा सोडायचा होता तेव्हा मीही त्याच्याबद्दल सगळ्यांना चांगलंच सांगायचे.’ बाई तिला गप्प बस म्हणाल्या. पण पत्र काही त्यांनी फाइलला लावलं नाही, माझ्या हातात परत दिलं. म्हणाल्या, चालणार नाही हे. अजून तीन आठवडे आहेत.

मी बाहेर आलो तर पिळायच्या यंत्राने एक चादर अर्धी गिळून ठेवली होती. ती सोडवत बसलो. सोडवता सोडवता तुझं पत्र चार वेळा वाचलं. कष्टाळू. मनमिळाऊ. तू आयुष्यात मला ‘गाढवा’शिवाय हाक मारली नाहीस आणि एकदम सदर इसम. साहेब शेजारी बसून चादरीचं दुसरं टोक धरून होते. त्यांनी विचारलं, वाईट बातमी का रे. मी म्हटलं, नाही, चांगलं लिहिलंय. ते म्हणाले, अरेरे.

मग मला कळलं की मीच तुला फसवं पत्र लिहायला सांगितलं. टॉवेल आणि बुटाची यादी पाठवली आणि म्हटलं, सही कर. खरं होतं ते मी यादीत घातलंच नाही. आता घालतो.

तुझ्यामाझ्यातला नियम काय होता? मी वर मशीनच्या खोलीत जायचं, मेन स्विचचा खटका ओढायचा आणि खोबणीत तोंड घालून ‘बंद’ म्हणून ओरडायचं. मग तू डब्याच्या टपावर पाय ठेवायचास. तुझा जीव त्या एका शब्दावर. त्या दिवशी मी वर गेलो. डोक्यात तुझं ते परमनंट घोंगावत होतं. मी ‘बंद’ म्हणून ओरडलो. तू ‘ठीक’ म्हणालास. मग ग्रीसचं निमित्त सांगून जिना उतरायला लागलो. पंधराव्या मजल्यावर आलो तेव्हा दाराआडून तुझी शीळ ऐकू आली. तू काम करताना वाजवतोस ती. मी चपला हातात घेतल्या आणि पुढे गेलो.

बस शहराबाहेर पडली आणि मला घाम फुटला. तोंडाने ‘बंद’ म्हणालो ते आठवत होतं. हाताने खटका ओढला का, ते आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. टपावर लाल बटण असतं, ते दाबलं की खटका चालू असला तरी डबा हलत नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझा ‘बंद’ ऐकल्यावर तुला ते दाबायची गरज वाटत नसणार, असंच मी धरून चाललो होतो. खाली कुणी बटण दाबलं असतं तर डबा वर गेला असता आणि तू टपावर.

वहिनीला फोन लावायला मला तीन तास लागले. तिने उचलला आणि शिव्या दिल्या, तेव्हा कळलं की तू आहेस. मी रस्त्याच्या कडेला बसून रडलो. पण परत आलो नाही, दादा. तिथूनच उलटी बस पकडता आली असती. ती समोरच उभी होती, कंडक्टर ओरडत होता. मी पुढे जाणाऱ्या बसमध्ये बसलो.

हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. सगळे म्हणतात लिफ्ट हसरा आहे.

मला आता शिव्यांचं पत्र नको. म्हणजे बैठकीला पाहिजेच, ते राहू दे. मला एवढंच सांग, खटका ओढलेला होता का. हो म्हण किंवा नाही म्हण. पण शिक्का मारू नकोस.

धाकटा


मार्चचा तिसरा रविवार, संध्याकाळ

दादा,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. पाकीट जाड होतं आणि वर मंडळींचं नाव होतं, त्यामुळे बाईंनी मला हात लावू दिला नाही. काकांनी आणि त्यांनी वाचलं. संध्याकाळी काका माझ्याशेजारून गेले आणि पाठीवर नुसता हात ठेवून पुढे गेले. दोन दिवस मी शेळ्यांना काय चारलं मला माहीत नाही. साहेबांनी रोज चारचारदा मोजल्या, एकदा मलाही धरून.

आज दुपारी बैठक झाली. लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना सगळे, मधे स्टूल, स्टुलावर मी. बाईंनी चष्मा लावला. काय लिहिलंस ते तुला माहीत आहे, पण ऐकताना कसं वाटतं ते तुला माहीत नाही, म्हणून सांगतो.

‘मंडळींना नमस्कार. आधीचं पत्र रद्द समजावं, ते मी रागात लिहिलं होतं.’ इथे सगळे हसले. रागात माणूस गुणगान करतो, असा आमचा दादा.

‘टॉवेल वगैरे त्याने स्वतःच कळवलंय, ते खरं आहे, पण ते दोष नाहीत, त्या सवयी आहेत. दोष एकच. तो तोंडाने बंद म्हणतो आणि हाताने करत नाही. शाळेला जातो म्हणाला, गेला नाही. जेवलो म्हणाला, जेवला नाही. डबा आणतो म्हणाला, आला नाही. खोटं बोलायचं म्हणून बोलत नाही. बोलताना त्याला वाटतं की करूनच टाकलं. त्या दिवशी मी वर जाऊन पाहिलं. खटका चालू होता.’

दादा, मी स्टुलाच्या कडा धरल्या. वर्षभर ज्याची भीती होती ते एवढ्या माणसांत ऐकलं.

‘मी जिवंत आहे कारण टपावरचं लाल बटण मी दाबलेलं होतं. दरवेळी दाबतो. तो कामाला लागला त्या दिवसापासून एकदाही त्याच्या शब्दावर मी टपावर पाय ठेवलेला नाही. हे त्याला सांगितलं नाही, कारण कळलं असतं तर त्याने उरलासुरला खटकाही ओढला नसता. कंपनीला कळवलं नाही. त्याला वाटतं मी तो गेला म्हणून रागावलो. तो जाणार हे मला त्याच्या खिशातल्या पत्त्यावरून कळलं होतं, कपडे मीच धुवायला टाकतो. मी वाट बघत होतो की कधी सांगतो.’

तुला माहीत होतं? चार महिने? आणि तरी परमनंटची खटपट केलीस?

पुढचं बाईंनी हळू वाचलं. ‘तुम्ही विचारलंत म्हणून माझं मत सांगतो. त्याला ठेवून घेऊ नका. परत पाठवा. इथे निदान लाल बटण दाबायला मी आहे. तिथे कोण आहे, मला माहीत नाही.’

बाईंनी कागद खाली ठेवला. साहेबांनी विचारलं, संपलं का? त्या म्हणाल्या, संपलं. साहेबांनी पुन्हा विचारलं, नक्की संपलं का? तेव्हा मला हसू फुटलं, आणि हसता हसता नाकातोंडातून सगळंच यायला लागलं. पाववालीने आपला पिठाचा फडका दिला. तोंड पुसलं तर आणखी पांढरा झालो, मग सगळेच हसले.

काका म्हणाले, ‘हं. हे भांडलेल्या माणसाचं पत्र.’

आता इथली रीत अशी की ज्याची हरकत असेल त्याने उभं राहायचं. कुणीही उभं राहिलं नाही तर माणूस पक्का. सगळे बसून होते. मला वाटलं झालं. तेवढ्यात पाववाली उठली. तिची खुर्ची मागे सरकली.

काकांनी तिला विचारलं की दोषाची भीती वाटते का. ती म्हणाली छे, भट्टीचं दार बंद केलं असं कुणीही म्हणालं तरी मी जाऊन बघते, तुमचंसुद्धा बघते. काम जोडीनेच होतं इथे, बटण दाबायला दुसरा असतोच, तसं त्याच्या भावाला कळवा. मग माझ्याकडे वळली.

‘तू भावाच्या घरून निघालास कुठे अजून? डबा आणायला गेलायस तू. तो माणूस अजून हाका मारतोय. तिथून निघाला नाहीस तर इथे आलास कसा?’

मी म्हणालो, ताई, मग मी काय करू, दादा सांगतो तसा परत जाऊ?

‘ते तुझं तू बघ. जा, त्याच्यासमोर उभा राहा आणि काय ते तोंडावर सांग. राहतो म्हणालास तर तिथे राहा. जातो म्हणालास तर जा, आणि मग इकडे ये. तोंडाने म्हणून झालं असं मात्र करू नकोस. तू परत आलास की मी बसेन. तोवर उभी आहे असं समजा.’

ती चुकत नाही, हे तिच्या बहिणीने लिहूनच दिलंय. काकांनी निकाल पुढे ढकलला. असं आजवर झालं नव्हतं, बाईंना वहीत काय लिहावं ते कळेना. शेवटी लिहिलं, ‘लिफ्ट. मध्ये थांबली.’

साहेब लगेच म्हणाले की मी याच्यासोबत जातो, एकट्याने काम करायचं नाही असा नियम आहे. त्यांनी बॅगही आणली असती. पाववाली म्हणाली, हे एवढं एकट्याचं आहे, बसा खाली.

म्हणून मी येतोय. आज काकांकडे आठ दिवसांची सुट्टी मागितली. तेरा नोकऱ्या केल्या पण सुट्टी अशी कधी मागितलीच नव्हती, न सांगता जायची सवय. काय बोलायचं असतं ते माहीत नव्हतं. काकांनी सांगितलं, कधी जातोस आणि कधी येतोस, एवढंच बोलायचं असतं. सोपं आहे रे.

मला काय वाटतं तेही आधीच कळवतो, म्हणजे तुला दारात धक्का नको. मला इथे राहायचंय. यंत्राचा एक रूळ अजून घासतो, साहेब आणि शेळ्या माझ्याशिवाय एकमेकांकडे बघत बसतील, आणि सकाळी उठल्यावर मला कुठे पळून जावंसं वाटत नाही. पण तू ‘परत पाठवा’ लिहिलंस ते बाईंनी वाचलं तेव्हा, खरं सांगतो, माझे पाय स्टुलावरून दरवाजाकडे वळले होते. तू ओरडशील याची मला भीती नाही. तू ओरडला नाहीस, नुसतं ‘जेव’ म्हणालास, तर मी बसेन आणि मग उठवणार नाही मला. म्हणून तू ओरडच. वर्षभराचं साठलंय, शिल्लक ठेवू नकोस. शिक्क्याबद्दल मलाही दोन शब्द बोलायचे आहेत.

येत्या रविवारी सकाळी नऊच्या सुमारास दारात असेन. आत यायच्या आधी उंबऱ्यावरच सांगणार आहे, ‘दादा, मी तिकडे राहायला जातोय.’ तुझ्या तोंडाकडे बघून. मग तू काय म्हणायचं ते म्हण. तुझं संपेपर्यंत मी तिथून हलणार नाही.

रविवारी तुझी ड्यूटी लागली असेल तर बदलून घे. या कामाला वेळ लागेल.

धाकटा